धसका

आजीच्या उशाशी एक पितळी तांब्या असायचा आणि तांब्यावर पालथा पेला. तहानेचा त्याच्याशी संबंध नव्हता, मध्यरात्री ती पाणी पीतच नसे. पेला जरा तिरका, काठावर जेमतेम टेकेल असा ठेवायचा, म्हणजे भुई हलली की माणसाआधी तो वाजतो, असं तिचं म्हणणं. भूकंपानंतर आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत असे तांबे-पेले उशाशी आले. इतरांचे वर्ष-दोन वर्षांत पुन्हा मोरीवर गेले. आजीचा राहिला. लातूरहून पुण्याला, माझ्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही तो तिच्याबरोबर आला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आमच्या भागात ही वेळ कुणाला विचारावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव उशिरा पाठ टेकलं होतं. मी चौथीत होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. घर माळवदाचं. दोन-दोन हात रुंद भिंती, दगड आणि चिखलात रचलेल्या, वर लाकडाच्या तुळया आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून त्यावर आणखी एक थर पडायचा. उन्हाळ्यात असल्या घरात माठातल्यासारखा गारवा असायचा. त्या पहाटे तोच गारवा माणसांच्या अंगावर आला. ६.२ क्षमतेचा धक्का, सुमारे दहा हजार माणसं गेली आणि पुढं ५२ गावं उचलून दुसरीकडं वसवावी लागली. आमच्या घराची स्वयंपाकघराकडची भिंत पडली, माणसं वाचली. आजीची धाकटी बहीण मात्र किल्लारीजवळच्या एका गावात दिलेली होती. ती आणि तिच्या घरातले चौघं राहिले नाहीत.

मला त्या पहाटेचं आठवतं ते एवढंच की मी हलले नव्हते. भाऊ उडी मारून अंगणात गेला होता. आई ओरडत होती. मी गोधडीत, डोळे उघडे, वरून माती पडताना पाहत होते आणि हातपाय माझे नव्हतेच. आजीनं मला गोधडीसकट ओढत बाहेर काढलं. पुढची कित्येक वर्षं घरात पाहुणे आले की हे निघायचं, "आमची ही बघा, भुई हालायली तरी ढिम्म!" सगळे प्रेमानंच बोलत. पण मला मनात लाज वाटायची, की जीव वाचवायची वेळ आली आणि मला साधं पळताही आलं नाही.

आजीचं तसं नव्हतं. पहिले दहा-बारा दिवस ती घरातली सगळ्यात खंबीर बाई होती. बहिणीच्या गावी जाऊन आली, रडली, परत येऊन पत्र्याखाली चूल मांडून मदतीला आलेल्या लोकांसाठी भाकऱ्या थापत बसली. मग पितृपक्ष सरता सरता एका पहाटे ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. पावणेचार-चारला जाग, हात दाराच्या कडीवर, आणि अंगणात. दादा म्हणायचे, "म्हातारीनं धसका घेतलाय."

भीतीला मराठीत शब्द थोडे नाहीत. धाक वेगळा, धास्ती वेगळी. माणूस दचकतो, हबकतो, भेदरतो. छातीत धस्स होतं, पाचावर धारण बसते. या सगळ्यांत धसका हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण बाकीचे शब्द त्या क्षणाचे आहेत आणि धसका हा क्षण गेल्यावर मागं उरतो. फक्त त्याचं क्रियापद मला खटकतं. धसका 'बसतो' असंही म्हणतात आणि धसका 'घेतला' असंही. आमच्या घरात कायम 'घेतला' म्हणत. घेतलाय, म्हणजे मनात आणलं तर टाकूनही देता येईल. आजीची पुढची वीस वर्षं या एका क्रियापदाखाली गेली.

मी आता बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पाठ्यपुस्तकात अमिग्डालाच्या वाट्याला जेमतेम ओळ-दोन ओळी येतात, पण मी त्यावर अख्खा तास घेते. कानशिलांच्या आत, मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाच्या आकाराचा हा पेशींचा पुंजका. नावाचा अर्थही बदामच. न्यूयॉर्कमध्ये मेंदूचे अभ्यासक जोसेफ लडू यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर केलेले प्रयोग मी मुलांना सांगते. एक आवाज ऐकवायचा आणि लगेच पायाखाली विजेचा हलका झटका द्यायचा. दोन-चार वेळा असं झालं की नुसत्या आवाजानंही उंदीर जागच्या जागी थिजतो. मग त्यांनी आवाज ओळखणारा मेंदूचा वरचा थर, कॉर्टेक्स, निकामी केला. उंदीर तरीही थिजला. त्याखालचं थॅलॅमस निकामी केलं, तेव्हा मात्र ते शिकणं बंद झालं. म्हणजे कानातून आलेली वर्दी थॅलॅमसमधून एका जवळच्या वाटेनं थेट अमिग्डालाकडे जाते. हा आवाज कशाचा, हे वरचा मेंदू सावकाश ठरवत असतो. तोवर खाली अंगाची तयारी झालेलीसुद्धा असते.

आमच्याकडं हे वॉशिंग मशीनच्या बाबतीत रोज घडायचं. कपडे पिळायला ते जोरात फिरायला लागलं की फरशीत बारीक थरथर यायची. आजी पोथी वाचत बसलेली असो की शेंगा फोडत, ती उभी राहिलेली असायची. मग तिची नजर मशीनकडं जायची, मग ती बसायची. मी विचारायचे, "घाबरलीस का?" ती म्हणायची, "न्हाई गं माय. नुसती उठले." मला वाटायचं, लपवतेय. पुढं लडूंचंच नंतरचं लिखाण वाचलं. आपण ज्या यंत्रणेला इतकी वर्षं भीतीची म्हणत आलो तिला तसं म्हणणं चुकलं, असं त्यांनी स्वतःच मांडलं आहे. ती यंत्रणा जीव वाचवायच्या हालचाली करवते. 'मला भीती वाटतेय' ही जाणीव निराळी, ती घडायला मेंदूचे इतर भाग लागतात. आजी अगदी खरं तेच सांगत होती. ती नुसती उठली होती.

आणि ते दहा-बारा दिवस? बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, एन.सी.बी.एस.मध्ये, सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं एक काम मला पहिल्यांदा वाचताना जागेवरून उठायला लावणारं ठरलं. उंदराला एकदाच, दोन तास, हलता येणार नाही असं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अमिग्डालात काही फरक नाही, वागण्यातही नाही. दहा दिवसांनी पाहिलं, तेव्हा तिथल्या चेतापेशींच्या फांद्यांवर नवे काटे फुटलेले. दुसऱ्या पेशी जिथं येऊन जुळतात ते हे काटे. उंदीर उघड्यावर यायला कचरू लागलेला. त्याच गटाचं आणखी एक काम आहे. सतत दहा दिवस ताण दिला तर स्थळकाळाची नोंद ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या खुरटतात आणि अमिग्डालातल्या वाढतात. पुढं तीन आठवडे निवांत ठेवलं तर हिप्पोकॅम्पस सावरतो. अमिग्डालातली वाढ तशीच राहते. उंदरावरून माणसावर उडी मारू नये हे मीच मुलांना बजावते. पण भाकऱ्या थापणारी आजी आणि पितृपक्षात अंगणात उभी राहिलेली आजी, या दोघींच्या मधले दिवस मी त्या रात्री बोटांवर मोजलेच.

आता जे सांगायचं आहे ते मी घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

२०११ चा हिवाळा. आजीला पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती. पहाटे चारला ती दार उघडून चार जिने उतरायची आणि पार्किंगमध्ये, वर काही नाही अशा जागी, अर्धा तास बसून परत यायची. इमारतीतल्या लोकांनी कुरकुर केली. मलाही तिच्या पडण्याची काळजी होती. मी तिला समजावलं, पुन्हा पुन्हा. हे आर.सी.सी. आहे आजी, खाली लोखंड आहे, पुण्यात तसला भूकंप व्हायचा नाही. ती सगळं ऐकून मान हलवायची आणि पहाटे उठून जायची. शेवटी मी दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक नवी कडी बसवून घेतली.

आणि ते थांबलं. दोन आठवडे मी शांत झोपले. भावाला फोनवर सांगितलं, "आता बरी आहे, उठत नाही."

मग एका रात्री मला जाग आली आणि मी पाणी प्यायला बाहेर आले. आजी दारामागं भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती. गुडघे छातीशी, डोळे उघडे. मी समोर येऊन उभी राहिले तरी तिची नजर माझ्याकडं वळली नाही. हात गार पडलेले. लुगडं ओलं होतं. मी तिला उठवलं, धुतलं, अंथरुणावर नेलं, ती एक अक्षर बोलली नाही. सकाळी चहा घेताना म्हणाली, "कडी वर होती माय. हात पोचंना."

ती रोजच उठत होती. मला ऐकू येत नव्हतं, एवढंच.

प्राण्यांच्या संरक्षक वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे. संकट किती जवळ आलंय आणि सुटायला वाट आहे की नाही, यावर अंग काय करायचं ते ठरतं. वाट असेल तर पळणं, नसेल तर थिजणं. अमिग्डालाकडून निघालेला हुकूम मध्यमेंदूतल्या एका करड्या पट्ट्यात पोचतो, त्याला पेरिॲक्विडक्टल ग्रे म्हणतात. त्याच्या एका भागातून उसळून पळणं येतं, दुसऱ्या भागातून जागीच गोठणं. गोठलेल्या जिवाच्या हृदयाची गतीही मंदावते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, किती शांत आहे! शिकारी डोळे हालचाल टिपतात, म्हणून न हलणं हा लाखो वर्षं कामी आलेला उपाय. दगड-मातीच्या छपराखाली मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. गोधडीत पडलेल्या त्या दहा वर्षांच्या मुलीला मी हे फार उशिरा सांगू शकले. आणि जी मुलगी स्वतः तशी गोठली होती, तिनंच पुढं आपल्या आजीच्या पुढ्यात वर कडी लावली आणि तिच्या गोठण्याला झोप समजली.

त्याच दिवशी दुपारी सुतार बोलावला. कडी खाली आणली, आजीच्या कमरेच्या उंचीवर, एका बोटानं सरकेल अशी. पहाटे मी तिच्याबरोबर उतरायला लागले. शाल घेऊन पार्किंगमध्ये बसायचो. ती वर बघायची, कान देऊन ऐकायची आणि थोड्या वेळानं म्हणायची, "झालं. चल." दोन-तीन महिन्यांनी ती खालच्या मजल्यांवर जाईनाशी झाली. जिन्याच्या वळणावर थांबायची. पुढं फक्त दार उघडून उंबऱ्यावर. आणि मग एक दिवस नुसती कडी सरकवून पाहिली, सरकते हे पाहिलं, पुन्हा लावली आणि जाऊन झोपली.

मी दोन वर्षं शब्दांनी समजावत होते आणि एक पितळी कडी काही महिन्यांत समजावून गेली. याचा थोडा उलगडा मला मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन मायर यांच्या कामात सापडला. १९६० च्या दशकात त्यांनी आणि मार्टिन सेलिगमन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून असं मांडलं होतं की, काहीही केलं तरी झटका थांबत नाही असं दिसलं की प्राणी असहायता शिकतो. पुढं काही दशकांनी मायर यांनी मेंदूच्या आत पाहिलं आणि आपलंच म्हणणं उलटं केलं. हातपाय गाळणं हे मेंदूचं मुळातलंच उत्तर आहे, ते शिकावं लागत नाही. शिकला जातो तो ताबा. आपल्या हातानं झटका थांबवता येतो हे कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला कळतं आणि तो खालच्या केंद्रांना आवरतो. दोन उंदरांना झटके अगदी सारखेच बसतात. एकापुढं चाक असतं, ते फिरवलं की दोघांचाही झटका थांबतो. चाक ज्याच्या पायाशी असतं तो उंदीर नंतर बराच सावरलेला असतो.

आजीचा धसका गेला असं मात्र मी म्हणणार नाही. अशी आठवण सहसा पुसली जात नाही, तिच्यावर एक नवी आठवण बसते, 'इथं काही होत नाही' अशी. आणि या नव्या आठवणीतला 'इथं' फार महत्त्वाचा असतो. जुनी भीती कुठंही बरोबर येते, नवी निर्धास्ती मात्र जिथं कमावली तिथंच रुजते. २०१३ च्या दसऱ्याला आम्ही गावी गेलो. भावानं नवं स्लॅबचं घर बांधलं होतं. पहिल्याच रात्री आजी पावणेचारला अंगणात! भाऊ हिरमुसला. मी त्याला म्हटलं, तुझ्या घरात तिला अजून काहीच 'न झालेलं' नाही. दे वेळ.

२०१५ पासून तिची आठवण जायला लागली. आधी भाजीत मीठ, मग माणसं. मला ती तिच्या त्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. एकदा टीव्हीवर किल्लारीच्या स्मारकाची बातमी होती. मी म्हटलं, "आजी, आपला भूकंप." तिनं कुतूहलानं पाहिलं, "कधी झाला गं? लई माणसं मेली का?" मी घरातल्या माणसांची नावं घेतली नाहीत. त्याच रात्री खालच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, काचा थरथरल्या आणि आजी उठून दाराशी. एका हाताची मूठ माझ्या मुलीच्या फ्रॉकवर घट्ट.

जिनिव्हातल्या एदुआर क्लापारेद या डॉक्टरनं १९११ साली आपल्या एका रुग्ण बाईची हकिकत लिहिली आहे. तिला नवं काहीच लक्षात राहत नसे, रोज भेटणारा डॉक्टरही रोज नवाच. एकदा त्यानं हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. टोचलेलं ती काही वेळात विसरली. पण पुढं त्यानं हात पुढं केला तर तिनं आपला मागं घेतला, आणि का ते तिला सांगता येईना. अमेरिकेत १९९५ साली याचीच दुसरी बाजू नोंदली गेली. एक ठरावीक रंग दाखवायचा आणि लगेच मोठा भोंगा वाजवायचा. हिप्पोकॅम्पस गेलेल्या रुग्णाचं अंग भोंग्याआधीच्या रंगाला घाबरायला शिकलं, पण असं काही झालं होतं हे त्याला सांगता येईना. अमिग्डाला गेलेल्याला सगळं सांगता येत होतं, पण अंगावर काटा येत नव्हता. सांगायची आठवण एका कप्प्यात, अंगाची दुसऱ्यात. आजीचा पहिला कप्पा रिकामा होत चालला होता.

वर्गात हे ऐकल्यावर एखादा तरी विचारतोच, मग तो बदाम काढूनच का टाकू नये? त्याला मी अमेरिकेतल्या एस.एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या बाईंबद्दल सांगते. एका दुर्मिळ आजारात त्यांचे दोन्ही अमिग्डाला गेले. एकदा साप त्यांनी सहज हातात घेतला. एकदा बागेत एका माणसानं गळ्याशी चाकू धरला, आणि दुसऱ्या दिवशी त्या त्याच बागेवरून चालत गेल्या. वर्ग थोडा वेळ गप्प होतो.

माझी मुलगी २०१० सालची. भूकंप तिनं पाहिलेला नाही. पण जमीन थरथरली की ती आधी पंख्याकडं पाहते आणि मग दाराकडं. हे तिला कुणी शिकवलं नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी १९८० च्या दशकात दाखवलं होतं, की प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नाहीत, पण दुसरं माकड सापाला भिताना पाहिलं की काही मिनिटांत भ्यायला लागतात आणि ते विसरत नाहीत. फुलांना भिणारं माकड दाखवलं तर मात्र ती फुलांना भीत नाहीत. माझ्या मुलीनं ते मूठभर फ्रॉक धरलेल्या हाताकडून घेतलं असणार. मला याचं वाईट वाटतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. वाटत नाही. पणजीनं दिलेल्या पाटल्यांइतकंच तेही तिचं आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात आजी अंथरुणाला खिळली. आम्ही दवाखान्यातल्यासारखा पलंग भाड्यानं आणला, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे असलेला. ती बोलायची जवळजवळ थांबली होती. तांब्या-पेला मी स्टुलावर ठेवायचे, तिच्या नजरेच्या टप्प्यात. दुसऱ्या की तिसऱ्या पहाटे बारीक खडखड ऐकू आली आणि मला वाटलं पेला वाजला. पेला जागेवर होता. आजी कठड्यावरून बोटं फिरवत होती, वरून खाली, पुन्हा वर, काहीतरी शोधल्यासारखी. घड्याळात चारला पाच कमी होते.

मी खटका दाबून कठडा खाली केला. ती पडेल म्हणून समोर उभी राहिले. तिनं पाय बाहेर काढला नाही. कठडा होता तिथल्या मोकळ्या जागेतून एकदा हात फिरवला, तो पांघरुणात घेतला आणि झोपली. मी अंथरूण ओढून पलंगाच्या त्या बाजूला खाली घातलं आणि कठडा पुन्हा वर केला नाही.